बंद पडलेली गाडी विकताना भावाआधी आरसी बघा

चालती गाडी विकणं आणि बंद पडलेली गाडी विकणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. चालत्या गाडीला गिऱ्हाईक येतं, एक चक्कर मारतं, घासाघीस होते, फॉर्मवर सह्या होतात आणि पुढे यथावकाश आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या प्रमाणपत्रावर, नवं नाव चढतं. बंद गाडी चक्कर मारायला निघत नाही, आरटीओच्या दारापर्यंत जात नाही. तिचं पीयूसी निघत नाही आणि विमा बहुतेक वेळा कधीच संपलेला असतो. नाव बदलायला जे जे लागतं त्यातलं निम्मं तिच्याकडे नसतंच. मग लोक कंटाळतात आणि दारावर आलेल्या भंगारवाल्याला मिळतील त्या पैशांत गाडी देऊन टाकतात. पार्किंगची जागा मोकळी होते, पण सरकारदरबारी गाडी तुमच्याच नावावर उभी राहते.

या लेखात महाराष्ट्रात नोंदलेल्या, घरच्या वापराच्या चारचाकीबद्दल लिहितोय. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांचे नियम वेगळे आहेत.

आधी बघा, गाडी कितपत बंद आहे

"गाडी बंद आहे" या तीन शब्दांत दोन टोकाच्या गोष्टी येतात. एका टोकाला नुसती उभी राहून बंद झालेली गाडी: बॅटरी उतरलेली, टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन चिकट झालेलं, उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, ब्रेक गंजून चिकटलेले. दुसऱ्या टोकाला इंजिन जाम झालेली, टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकलेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी. पहिल्या प्रकारात थोडक्या पैशांत गाडी उठून उभी राहते. दुसऱ्या प्रकारात इंजिन उतरवावं लागतं आणि जुन्या छोट्या गाडीसाठी तो खर्च गाडीच्या किमतीलाच खाऊन टाकतो.

यातली आपली गाडी कुठली, हे विकायला काढण्याआधी कळायला हवं, कारण घ्यायला येणारा माणूस नेहमी दुसरंच टोक सांगणार. बॉनेट उघडून सेल्फ मारल्यासारखं करायचं आणि "साहेब, इंजिन गेलंय" म्हणायचं, हा धंद्यातला जुना डाव आहे.

मॅन्युअल गिअरच्या गाडीची एक साधी तपासणी घरच्या घरी होते. सपाट जागा हवी, किल्ली बंद हवी आणि ढकलायला दोन माणसं हवीत. आधी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. हलत नसेल तर ब्रेक चिकटलेत, ते आधी सोडवा. न्यूट्रलमध्ये सरकायला लागली की वरचा गिअर टाका, चौथा किंवा पाचवा, क्लच सोडा आणि पुन्हा ढकला. गाडी अडखळत, हिसके देत का होईना पुढे गेली तर इंजिन आतून फिरतंय. जाग्यावर खिळून राहिली, किंवा चाकं न फिरता नुसती घसटली, तर इंजिन जाम असण्याची शक्यता मोठी. मग डिपस्टिक काढून ऑइल बघा. ते दुधी, फेसाळ दिसलं तर कूलंटचं पाणी ऑइलमध्ये मिसळलंय, म्हणजे बहुधा हेड गॅसकीट गेलंय. आतमध्ये पाणी शिरल्याचा किंवा टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय असेल तर मात्र यातलं काहीही करू नका, सेल्फही मारू नका. इंजिन फिरवलं की नुकसान वाढतं.

त्यानंतर ओळखीच्या मेकॅनिककडून दुरुस्तीचा अंदाज लिहून घ्या आणि हिशोब मांडा. समजा, तुमच्या मॉडेलची चालती गाडी ७० हजारांना जाते, बंद अवस्थेत २० हजार मिळतायत आणि दुरुस्तीला १५ हजार लागणार आहेत. दुरुस्त करून विकणं उघड फायद्याचं. दुरुस्ती ५५ किंवा ६० हजारांची असेल तर त्या वाटेला जाऊ नये. या हिशोबात लोक एक गोष्ट धरतच नाहीत. गाडी चालू झाली की पीयूसी निघतं, तपासणीला नेता येते आणि नाव बदलण्याचा नेहमीचा रस्ता खुला होतो. म्हणून आकडे जवळपास बरोबरीत असले तरी मी दुरुस्तीच्या बाजूने कौल देईन.

नाव का महत्त्वाचं

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मालक' म्हणजे कोण हे स्पष्ट लिहिलंय: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. गाडी कोणाच्या ताब्यात आहे किंवा पैसे कोणी मोजले, यावर ते ठरत नाही. लहान मूल मालक असणं, कर्ज किंवा भाडेकराराची गाडी असे काही अपवाद आहेत, पण तुमच्या आमच्या बाबतीत आरसीवरचं नाव हेच खरं.

६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठासमोर नेमका हाच प्रश्न होता. नोंदलेल्या मालकाने गाडी विकली होती. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. आरसीवर मात्र पहिलंच नाव राहिलं. मग त्या गाडीने अपघात झाला. गाडी आपण केव्हाच विकली होती, हे पहिल्या मालकाचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. अपघातग्रस्ताने विक्रीची साखळी शोधत फिरावं अशी अपेक्षा करता येत नाही, नोंद ज्याच्या नावावर तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निकाल लागला.

आता कोणी म्हणेल, माझी गाडी तर चालतच नाही, तिने अपघात कसा होणार? दोन मार्गांनी होऊ शकतो. तुम्ही ज्याला २० हजाराला दिली तो मेकॅनिक तीच गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणतो. हे अगदी सर्रास होतं, आणि त्यात गैर काही नाही. गैर एवढंच की ती तुमच्या नावावर फिरत असते.

दुसरा मार्ग जास्त वाईट आहे. बंद गाडी कधी कधी लोखंडासाठी घेतच नाहीत, कागदांसाठी घेतात. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी शोधायची, तिच्यावर तुमच्या गाडीचा चासी नंबर (सांगाड्यावर कोरलेला नंबर) आणि नंबर प्लेट चढवायची, की चोरीच्या गाडीला खरी आरसी मिळाली. तुमचं मूळ वाहन तोवर तुकडे होऊन वितळलेलं असतं. पुढे त्या नंबरवर चलन फाटो किंवा गुन्हा घडो, पोलिस तुमच्या पत्त्यावर येणार. म्हणून एखादा खरेदीदार गाडीकडे फारसं न बघता "ओरिजिनल आरसी आहे ना? किल्ल्या दोन्ही आहेत ना?" एवढंच विचारत असेल तर त्याला गाडी देऊ नका, भाव कितीही चांगला असो.

कोऱ्या फॉर्मवर सह्या हा याच दुखण्याचा भाग. फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची सूचना, फॉर्म ३० म्हणजे विकणारा आणि घेणारा दोघांचा नाव बदलण्याचा अर्ज. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख न लिहिता हे फॉर्म सही करून दिले की ते हातोहात फिरत राहतात. "एजंट भरेल हो नंतर" याला कधीही हो म्हणू नका. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, राज्याबाहेर विकली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. विकणाऱ्याची ही स्वतंत्र जबाबदारी आहे, समोरचा अर्ज करो वा न करो.

गाठ नेमकी कुठे बसते

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर १५ वर्षांनी 'पासिंग संपतं'. त्यानंतर तपासणी होऊन पाच पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीसाठी ती १०,००० रुपये केली गेली. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा ५०० रुपयांप्रमाणे विलंबाची रक्कम वेगळी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात काढावीच लागते, असं महाराष्ट्रात नाही. ती भीती दिल्लीतून आली. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले आणि त्यावर न्यायालयात बरीच वर्षं वाद चालला. आपल्याकडे तपासणीत पास होणारी खासगी गाडी नूतनीकरण करून वापरता येते, फक्त पर्यावरण कर भरावा लागतो. सरकारी गाड्यांचं वेगळं आहे, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण थांबलंय.

बंद गाडीची अडचण अशी की पासिंग संपलं असेल तर नाव बदलण्याआधी नूतनीकरण हवं, नूतनीकरणाला तपासणी हवी, आणि तपासणीला चालती गाडी हवी. नाव बदलण्याच्या कागदांत चालू विमा आणि पीयूसीही लागतं, आणि चालूच न होणाऱ्या गाडीचं खरं पीयूसी निघूच शकत नाही. शिवाय १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलेली नसेल तर आरटीओतली नाव बदलण्यासारखी कामं अडतात. यातला प्रत्येक अडथळा पैसे टाकून दूर होतो, पण सगळे मिळून खर्च एवढा होतो की २० हजारांच्या गाडीवर तो करावासा वाटत नाही. "मी बघतो सगळं" म्हणणारा एजंट नेमका याच जागी भेटतो.

तीन रस्ते

पहिला रस्ता वर आलाच: किरकोळ दुरुस्ती करून गाडी चालू करायची, कागद पूर्ण करायचे आणि रीतसर नाव बदलून द्यायची. पासिंगची मुदत शिल्लक असेल तर हाच उत्तम.

दुसरा रस्ता फार कमी लोकांना ठाऊक आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात आरटीओकडून अधिकृत परवानगी घेतलेल्या डीलरला तुम्ही गाडी सोपवलीत की फॉर्म २९सी भरून पोर्टलवर तशी सूचना द्यायची. तिथून पुढे तो डीलर गाडीचा मानीव मालक होतो, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात असताना जे काही होईल त्याची जबाबदारी त्याची. नूतनीकरण, डुप्लिकेट आरसी, नाव बदलणं यासाठीही तो स्वतः अर्ज करू शकतो. बंद गाडी घेऊन दुरुस्त करून विकणारा व्यापारी भेटला तर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्याकडे आरटीओचं ऑथोरायझेशन सर्टिफिकेट आहे का, आणि २९सी भरून देणार का? असेल तर तो लगेच दाखवतो. इकडचं तिकडचं बोलायला लागला तर काय ते समजून घ्या.

तिसरा रस्ता म्हणजे सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्र. वाहन स्क्रॅपिंग धोरण १३ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रांसाठी नियम आले. पासिंग संपलेल्या, इंजिन गेलेल्या, पीयूसी निघू न शकणाऱ्या गाडीसाठी हाच खरा रस्ता, कारण इथे गाडी कोणाच्या नावावर जात नाही. तिची नोंदणीच रद्द होते. वयाचीही अट नाही, मालकाने स्वखुशीने दिलेली कुठलीही गाडी केंद्र घेऊ शकतं.

पद्धत अशी. परिवहन खात्याच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर मान्यताप्राप्त केंद्रांची यादी असते, तिथून केंद्र निवडायचं. केंद्रवाले 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत गाडी तपासतात: कर्जाचा बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का, चोरीची म्हणून नोंद आहे का. सगळं स्वच्छ असेल तर गाडी टो करून नेतात, रक्कम तुमच्या बँक खात्यात जमा करतात आणि 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देतात. गाडी प्रत्यक्ष तोडली गेली की 'सर्टिफिकेट ऑफ व्हेइकल स्क्रॅपिंग' निघतं. चासी नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून केंद्राला सांभाळून ठेवावा लागतो, म्हणजे तो नंबर दुसऱ्या गाडीवर चढण्याचा प्रश्नच मिटतो.

ते डिपॉझिट सर्टिफिकेट फाइलमध्ये टाकून विसरू नका, त्याला पैशाची किंमत आहे. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ होते. मोटार वाहन करातही सवलत मिळते. खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्र सरकारने राज्यांना दिली आहे, प्रत्यक्षात किती द्यायची हे राज्य ठरवतं. नवी कार घेणाऱ्याला करातली ही बचत भंगाराच्या रकमेहून मोठी पडू शकते. तुम्हाला गाडी घ्यायचीच नसेल तर हे सर्टिफिकेट ऑनलाइन दुसऱ्याला विकताही येतं.

नव्या गाडीच्या शोरूममध्येही बंद गाडी 'एक्स्चेंज'मध्ये घेतात. तिथे एक्स्चेंज बोनस आणि स्क्रॅपेज सवलत यातली एकच मिळते की दोन्ही, हे आधी लेखी विचारा. आणि शोरूमने घेतलेली तुमची जुनी गाडी पुढे कुठे जाते, तिची नोंदणी कोण रद्द करतं, हेही विचारा. चकचकीत शोरूम आहे म्हणून आरसीवरचं नाव आपोआप निघत नाही.

भाव कसा ठरतो

भंगाराचा भाव वजनावर. गाडीचं रिकामं वजन आरसीवरच छापलेलं असतं, ते बघून ठेवा. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो. समजा किलोला २५ रुपये दर मिळाला तर १६,२५० रुपये. दर लोखंडाच्या बाजाराप्रमाणे वरखाली होतो, म्हणून एका दिवशी दोन तीन ठिकाणी विचारावं. त्याहून महत्त्वाचं, दर कुठल्या वजनावर लावणार ते विचारा. काही जण पूर्ण वजनावर कमी दर लावतात. काही जण काच, रबर, सीट, प्लास्टिक वजा करून उरलेल्या धातूवर जास्त दर सांगतात. कानाला दुसरा दर गोड वाटतो, पण हातात पडणारी रक्कम कमी असू शकते. एकूण किती रुपये खात्यात येणार आणि टोइंगचा खर्च त्यात धरलाय का, एवढं एकच उत्तर मागा.

सुट्या भागांचा भाव वेगळा चालतो. मुंबईत कुर्ल्याला वापरलेल्या पार्टचा मोठा बाजार आहे. तिथल्या व्यापाऱ्याला गाडीचं वजन नको असतं, गिअरबॉक्स, दरवाजे, हेडलाइट, एसीचा कॉम्प्रेसर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हवा असतो. रस्त्यावर खूप दिसणाऱ्या मॉडेलच्या पार्टना मागणी जास्त. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. उभ्या गाडीखालून तो चोरीला जातो तो याचसाठी. तुमच्या गाडीला मूळ कन्व्हर्टर जागेवर असेल तर भाव करताना ते सांगा, नसेल तर केंद्र तेवढे पैसे कापणार हे धरून चला.

स्वतः पार्ट काढून विकावेत का? नवी बॅटरी, नुकतेच घातलेले टायर, चांगली म्युझिक सिस्टीम काढून घ्यायला हरकत नाही, पण भाव ठरण्याआधी काढा. ठरल्यावर काढणं हा फसवणुकीचाच प्रकार. इंजिन उतरवून विकायच्या भानगडीत मात्र पडू नका. इंजिन नंबर आरसीवर असतो, आणि इंजिनाशिवाय आलेल्या गाडीबद्दल स्क्रॅपिंग केंद्र हजार प्रश्न विचारेल.

भंगारवाल्यापेक्षा केंद्राचा भाव कधी कधी कमी असतो हे खरं आहे. केंद्राला गाडीतलं ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, बॅटरीतलं ॲसिड नियमाप्रमाणे बाजूला काढावं लागतं, त्याला यंत्रणा लागते. गल्लीतल्या कटिंगवाल्याकडे हे सगळं जमिनीत आणि गटारात जातं. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या गाड्यांमधलं पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. दोन चार हजारांचा फरक असेल तर मी डोळे झाकून केंद्राला देईन.

कराची काळजी नको. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जुन्या गाड्यांवरच्या १८ टक्के जीएसटीची चर्चा झाली तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, घरगुती विक्रेत्यावर नाही. धंद्याच्या नावावर गाडी घेऊन घसारा दाखवला असेल तर सीएला विचारा.

नेहमी अडणाऱ्या तीन गोष्टी

वडिलांच्या नावावरची गाडी. वडील गेले, गाडी तशीच उभी राहिली, पाचसात वर्षांनी मुलाने विकायला काढली, हे घरोघरी दिसतं. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं असतं. तो काळ उलटला असेल तरी मार्ग बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. स्क्रॅपिंग केंद्रातही हेच कागद लागतात. बहिणीची सही आधी घ्या, गाडी टो झाल्यावर नको. रक्कम लहान असली तरी वडिलांची वस्तू विकताना विचारलं नाही याचं दुखणं मोठं असतं.

बँकेचा बोजा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणून तो उतरवावा लागतो, नाहीतर गाडी विकताही येत नाही आणि मोडताही येत नाही. बँकच अस्तित्वात नसेल तर ती ज्यात विलीन झाली तिच्याकडे जायचं. उदाहरणार्थ देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तेव्हा तिथलं जुनं कर्ज असेल तर एनओसी बँक ऑफ बडोदा देणार.

आणि तिसरी, जुना मोबाइल नंबर. सगळी कामं ऑनलाइन झाली, ओटीपी 'वाहन' प्रणालीत नोंदलेल्या नंबरवर येतो, आणि जुन्या गाडीला तो नंबर एकतर नोंदलेलाच नसतो किंवा केव्हाच बंद झालेला असतो. गिऱ्हाईक शोधण्याआधी हे काम उरकून घ्या. त्याच वेळी थकलेली ई-चलनंही बघून भरून टाका.

गाडी उचलायच्या दिवशी

क्रेन किंवा फ्लॅटबेड येण्याआधी टायरमध्ये हवा भरा आणि स्टिअरिंगचं लॉक किल्लीने उघडतंय का बघा. बेसमेंटमध्ये चाकं जाम झालेली गाडी बाहेर काढायला तास दोन तास जातात आणि तेवढ्यात ठरलेला भाव खाली येतो.

डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, डिकी रिकामी करा. काचेवरचा फास्टॅग काढून घ्या आणि बँकेकडून बंद करवून घ्या, शिल्लक रक्कम परत मिळते. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची आणि पॅनची प्रत घ्या. साध्या कागदावर दोघांच्या सह्यांची पावती करा. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, रक्कम, तारीख आणि वेळ लिहा, आणि हे वाक्य जरूर घाला: "गाडी बंद अवस्थेत, आहे तशी विकली, टो करून नेली." गाडीत काय बिघाड आहे ते माहीत असेल तर तेही लिहा. क्रेनवर चढवलेल्या गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो काढा. पैसे रोखीत न घेता खात्यात घ्या, म्हणजे व्यवहाराची तारीख बँकेच्या नोंदीत राहते. ही पावती तुम्हाला मालकीतून सोडवत नाही, वरचा निकाल लक्षात घ्या. पण पोलिस चौकशीची वेळ आलीच तर गाडी कोणाच्या हातात गेली हे दाखवायला तीच कामाला येते.

विम्याकडे आता वळा. चालू पॉलिसी असेल तर विमा कंपनीला विक्रीचा किंवा स्क्रॅपिंगचा कागद पाठवून नो क्लेम बोनसचं पत्र मागा. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. हे पत्र तीन वर्षं चालतं, त्या मुदतीत नवी गाडी घेतलीत तर तेवढी सूट नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले असतील तर बोनस गेलेला असतो. म्हणूनच गाडी बंद पडल्यावर विमा सोडून देण्याआधी विक्रीचा निर्णय झालेला बरा. गाडी सोसायटीच्या आत न राहता रस्त्यावर उभी असेल तर थर्ड पार्टी विमा तसाही सोडू नये, आणि महापालिकेच्या बेवारस वाहनांच्या नोटिशीवरही लक्ष ठेवावं. मुदतीत गाडी हलली नाही तर पालिका उचलून नेते आणि मग ती सोडवायचा खर्च भंगाराच्या भावाला भारी पडतो.

गाडी गेल्यावर एक महिन्याने परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. स्क्रॅप केली असेल तर नोंदणी रद्द झालेली दिसायला हवी, विकली असेल तर मालकाच्या नावाची अक्षरं बदललेली दिसतील. अजूनही 'ॲक्टिव्ह' आणि तुमचंच नाव दिसत असेल तर आधी केंद्राला किंवा खरेदीदाराला लेखी विचारा. पंधरा दिवसांत हललं नाही तर फॉर्म २९ ची प्रत, पावती, फोटो आणि बँकेची नोंद जोडून नोंदणी असलेल्या आरटीओला अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.